अंड्यांच्या रांगेतला दोरो

दोरोचं खरं नाव एलिओदोरो, पण त्या नावाने त्याला फक्त बाप्तिस्म्याच्या दिवशी कुणी हाक मारली असेल. स्पेनमधल्या आमच्या लिओन शहराच्या मोठ्या चौकात तो दोरोच. दर बुधवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो, आणि जुन्या नगरपालिकेच्या दोन मनोऱ्यांच्या पायथ्याशी दोरो आपला खारवलेल्या कॉड माशाचा ठेला मांडतो. मी लग्न होऊन या शहरात आले त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरचा शुक्रवारचा मासा त्याच्याच हातचा.

माणूस उंच, खांद्यात थोडा वाकलेला, बोलायला फार कंजूष. मिठाने त्याच्या बोटांना भेगा पडल्यात, त्या उन्हाळ्यातही मिटत नाहीत. त्याच्या टेबलावर एक लांब पातं आहे, एका टोकाला पक्कं बसवलेलं आणि दुसऱ्या टोकाला मूठ. फळीसारखा कडक वाळलेला मासा त्याच्याखाली सरकवायचा आणि मूठ दाबायची, की खटकन आवाज होतो. पण विचारल्याशिवाय दोरो कुणाचाच मासा कापत नाही.

"काय करणारेस?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा, "जेवायला कोण कोण?"

नवी नवरी होते तेव्हा मी ऐटीत म्हणाले होते, "मधला जाड तुकडा द्या. पालक घालून छोल्यांचा रस्सा करायचाय."

"रश्शाला जाड तुकडा? शेपटीकडचा ने," तो म्हणाला.

"सासूबाई येणारेत जेवायला."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, मासा मागे सरकवला आणि जाड तुकडा कापला. पुडी हातात देताना म्हणाला, "तीन पाणी, दोन रात्री." म्हणजे दोन रात्री भिजत ठेव आणि तीनदा पाणी बदल. हे तो गेली पन्नास वर्षं प्रत्येक पुडीबरोबर म्हणतो. ऐंशी वर्षांच्या प्रिमितिवा मावशीलाही म्हणतो, आणि मावशी दर वेळी म्हणते, "मी हे करत होते तेव्हा तू दुपट्यात होतास रे."

चर्चमध्ये मिस्सेला येण्याआधी त्याची बायको ओतिलिया त्याचे हात लिंबाने घासून काढते. तरी चौकातली मांजरं देवळाच्या पायरीपर्यंत त्याच्यामागे येतातच. आम्हाला त्या वासाची सवय झालीय. मला तर शुक्रवारी प्रार्थनेत तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं. प्रभूचे पहिले सोबतीही कोळीच होते, त्यांच्या अंगाला काय अत्तराचा वास येत असणार?

वर्षातून एक सकाळ मात्र हाच दोरो निराळा दिसतो. गुड फ्रायडेला आमच्या चर्चचं बंधुमंडळ दुःखी माउलीची, म्हणजे मरियेच्या मूर्तीची, पालखी काढतं. ऐंशी माणसांच्या खांद्यावर ती येते, आणि त्यांच्यापुढे हातात छोटा लाकडी हातोडा घेऊन दोरो चालतो. त्याने पालखीच्या दांडीवर तीन ठोके दिले की ऐंशी खांदे एकदम उचलतात, एक ठोका दिला की एकदम थांबतात. बाजारात ज्याचा आवाज टेबलापलीकडे जात नाही, त्याची हाक त्या सकाळी अख्ख्या चौकाला ऐकू येते.

आणि भांडण झालं ते त्या हातोड्यावरूनच.

दोरोला एक धाकटी बहीण, कासिल्दा. तीही याच चौकात, पण दुसऱ्या टोकाला, कमानींच्या बाजूला अंडी विकते. पूर्वी दोघांचा ठेला एकच होता, त्यांच्या आईचा. अर्ध्यात मासा, अर्ध्यात अंडी, आणि वर हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं एकच छत. आई म्हातारपणी अंथरुणाला खिळली. त्यांचं घर चौकातच, तिसऱ्या मजल्यावर. अकरा वर्षांपूर्वी गुड फ्रायडेला कासिल्दाने आईला खुर्चीत बसवून बाल्कनीत आणलं. आदल्या दिवशीच तिने भावाला सांगून ठेवलं होतं, "आपल्या बाल्कनीखाली एक ठोका दे. एक 'नमो मरिया' म्हणून होईल इतकंच थांब. आईचं हे शेवटचं वर्ष आहे."

त्या सकाळी आभाळ काळंभोर होतं. माउलीच्या अंगावरचा मखमली झगा दीडशे वर्षांचा, त्याला पाणी लागू द्यायचं नाही. मंडळाचा प्रमुख मागून सारखा "चला, चला" करत होता. पालखी बाल्कनीखाली आली आणि तशीच पुढे गेली. दोरोने मान वर केली नाही. पाऊस काही पडलाच नाही, आणि जूनमध्ये आई गेली.

दफनाच्या दिवशी कासिल्दा सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, "मखमलीसाठी जन्मदात्या आईला ओलांडून गेलास." दोरो मान खाली घालून उभा राहिला. पुढच्या बुधवारी छत मधोमध कापलं गेलं. अर्धं मनोऱ्याखाली राहिलं, अर्धं कमानींकडे गेलं.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं एकाच चौकात आठवड्यातून दोन दिवस उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. आमच्यासारख्या गिऱ्हाइकांची मात्र मजा होती. मी अंडी घ्यायला गेले की कासिल्दा प्रत्येक अंडं उन्हाकडे धरून बघायची आणि सहज विचारायची, "या आठवड्यात कॉड बरा होता का गं? की फार खारट?" म्हणजे दोरो कसा आहे. मी म्हणायचे, "बरा होता. जरा खोकत होता." मग तिकडे दोरो पातं पुसत विचारायचा, "अंडी ताजी मिळतायत ना?" मी म्हणायचे, "मिळतायत, पण गुडघे दुखतात अंड्यांचे." तो मान हलवायचा आणि माझ्या पुडीत एक लहान तुकडा जास्त टाकायचा.

यंदा जानेवारीत बातमी आली. गुडघ्यांमुळे कासिल्दा ठेला बंद करणार, आणि समुद्रकाठी खिखोनला मुलीकडे राहायला जाणार. ईस्टरच्या आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार येतो, त्याच्या आदल्या दिवशीचा शनिवार हा तिचा शेवटचा बाजार.

उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार यंदाही बाजाराच्याच दिवशी आला. मी अंड्यांच्या ठेल्यापाशी उभी होते. आमच्या बाजारात कुणी एकामागे एक उभं राहत नाही. आलं की मोठ्याने विचारायचं, "शेवटी कोण?" जी शेवटची असेल ती म्हणते, "मी." मग तुम्ही तिच्यामागे. एवढं लक्षात ठेवलं की पालेभाजी बघून या, कॉफी पिऊन या, तुमचा नंबर कुठे जात नाही. दुसऱ्याचा नंबर चोरणं हे इथे चर्चमधल्या मेणबत्त्या चोरण्याइतकंच वाईट.

तर माझ्यामागून आवाज आला, "शेवटी कोण?"

मी वळले. दोरो होता, कपाळावर सकाळच्या मिस्सेची राख आणि अंगात ठेल्यावरचा, मिठाने माखलेला करडा झगा. "मी," मी म्हणाले, आणि माझाच आवाज बारीक झाला. कासिल्दाने हातातलं अंडं उन्हाकडे धरलं ते धरूनच ठेवलं. त्या अंड्यात पिल्लू असतं तर बाहेर आलं असतं.

माझं झालं. कासिल्दा कुणाकडेच न बघता म्हणाली, "पुढचं!"

दोरोने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मग मागच्या बाईकडे वळून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

ती झाली पुढे. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. प्रत्येकीला तो तेच म्हणत होता. एक वाजता बाजार उठला, तेव्हा तो रिकाम्या हातांनी आपल्या ठेल्याकडे परत गेला. तिथे ओतिलिया कॉडचं एक शेपूट टेबलावर उभं करून बसली होती. मालक जागेवर नाही अशी त्यांची ती खूण.

शनिवारी पुन्हा तेच, आणि पुढच्या बुधवारीही तेच. आणि लिहायला लाज वाटते, पण आम्हा बायकांना त्याची सवय लागली. जिला घाई असेल ती बघायची की दोरो उभा आहे का, आणि त्याच्यामागे नंबर लावायची. प्रिमितिवा मावशी तर लांबूनच ओरडायची, "दोरो, मी तुझ्यामागे हं!" आणि आल्या आल्या पुढे जायची. वर म्हणायची, "उपवासकाळात काहीजण मांस सोडतात. आमच्या दोरोने अंडी सोडलीत."

मीही तीनदा गेले तशी. चौथ्या आठवड्यात कबुलीला बसले तेव्हा फादर फिदेलना सांगितलं.

"अंडी चांगली होती का?" त्यांनी जाळीपलीकडून विचारलं.

"एकात दोन बलक निघाले, फादर."

"हं. मग तुझं प्रायश्चित्त असं, निएवेस. एक पूर्ण जपमाळ म्हण, आणि त्या माणसाचा नंबर त्याला परत दे."

जपमाळ मी त्याच संध्याकाळी संपवली. दुसऱ्या गोष्टीचा मात्र विचार करत बसले. घेतलेला नंबर परत कसा द्यायचा? माझ्या एकटीने नाही म्हणून काय होणार? माझ्यामागची पुढे जाईल. भांडी घासताना डोक्यात आलं की त्याच्यामागे अशीच माणसं हवीत ज्यांच्यातल्या एकीलाही घाई नसेल.

शेवटचा शनिवार उजाडला. झावळ्यांच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुणाला घाई नसते? पावाचे तुकडे दुधात भिजवून, अंड्यात बुडवून, तळून, साखरेत घोळवून गोड पाव करायचे असतात, प्रत्येक घरी डझन-दोन डझन अंडी लागतात. मी मुद्दाम लवकर जाऊन कमानीखाली उभी राहिले आणि एकेकीला गाठलं. बायका पटकन कबूल झाल्या. नंतर कळलं, त्यातल्या दोघींना फादर फिदेलकडून तेच प्रायश्चित्त मिळालं होतं. फक्त प्रिमितिवा मावशी ऐकेना.

"मला जमणार नाही. घरी दूध चुलीवर ठेवून आलेय."

"मावशी, ती सोमवारी जाणार. परत यायची नाही."

"मग त्याने बोलावं! मुका आहे का? ऐंशी माणसांवर ओरडतो."

"म्हणून तर म्हणते. आज त्याला पळायला जागा ठेवायची नाही."

मावशीने तोंड वाकडं केलं, पण घरी शेजारणीला फोन लावला. "अगं, माझं दूध उतरव. नाही गं, मेले नाही. मला घाई नाहीये." हे शेवटचं वाक्य ती असं म्हणाली, जसं काही परक्या भाषेतलं पहिल्यांदाच उच्चारत होती.

अकराच्या सुमाराला दोरो आला. "शेवटी कोण?"

"मी," मी म्हणाले.

तो माझ्यामागे उभा राहिला. लगेच त्याच्यामागे मावशी, मावशीच्या मागे आणखी नऊजणी. कुणी भाजी बघायला गेली नाही, की कॉफी प्यायला गेली नाही. आमच्या चौकात इतकी सरळ रांग मी आयुष्यात पाहिली नाही.

माझं डझन झालं. मी बाजूला सरले, पण गेले नाही.

"पुढचं!" कासिल्दा म्हणाली.

दोरो मागे वळला. "मावशी, तुम्ही व्हा पुढे."

"मला घाई नाही," मावशी म्हणाली.

"अं? मग तू हो गं."

"मलाही नाही घाई."

"रोसाऊरा, तू?"

"छे! मी नुसती उभी आहे. ऊन छान पडलंय."

ऊन कुठलं, गार वारा सुटला होता. दोरोची नजर रांगेवरून शेवटपर्यंत गेली. दहाच्या दहा बायका मनोऱ्याच्या घड्याळाकडे बघत होत्या. तेवढ्यात गळ्यात कॅमेरा घातलेला एक पाहुणा, माद्रिदकडचा असावा, कमानींचे फोटो काढत काढत थेट ठेल्यापुढे आला. "बाई, अर्धा डझन मिळतील?"

बुडत्याला फळी दिसावी तसा दोरोचा चेहरा उजळला. "या ना, या, तुम्ही घ्या आधी..."

मावशीने पाहुण्याची बाही धरली. "ए बाबा, आमच्या गावात आधी विचारतात, शेवटी कोण!"

"माफ करा. शेवटी कोण?"

"ती बघ, ती पिवळ्या स्वेटरवाली. तिच्यामागे जा."

"पण इथे तर कुणी घेतच नाहीये!"

"कारण आम्हाला घाई नाही! जा, चौक बघ तोवर. चारशे वर्षं उभा आहे, तुझ्यासाठी थांबेल."

पाहुणा निमूटपणे मागे गेला. कासिल्दा अजून कुणाकडे बघत नव्हती. "पुढचं, म्हटलं ना मी," ती अंड्यांच्या ट्रेकडे बघत म्हणाली.

दोरो टेबलापाशी गेला.

"एक डझन," तो म्हणाला.

"काय करणारेस?" कासिल्दाने विचारलं.

सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पन्नास वर्षं हा प्रश्न तो विचारत आला होता, त्याला कधी कुणी विचारला नव्हता.

"खाणार," दोरो म्हणाला.

मागून कुणीतरी फिस्कन हसलं.

"गोड पाव करायला असतील तर देणार नाही. ओतिलियाला साखर वर्ज्य आहे. आणि तुला त्यावर लोणी लागतं, मग तुझा रक्तदाब चढतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"कॉडने," कासिल्दा म्हणाली, आणि माझ्याकडे एकदाच तिरकं बघितलं.

मी मनातल्या मनात 'नमो मरिया' म्हणायला लागले. चौथ्यांदा म्हणत असताना दोरोने दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मी वर बघितलं नाही त्या दिवशी," तो म्हणाला. "बघितलं असतं तर हाताने आपोआप ठोका दिला असता. म्हणून जमिनीकडे बघत चाललो. पाऊस नव्हता, कासी. थांबायला हवं होतं. मखमलीला काही झालं नसतं."

अकरा वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा कासी म्हटलं. तिच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलगी साखरेच्या डब्यात हात घालताना सापडावी तसं काहीतरी आलं.

"बरं झालं नाही बघितलंस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"आई झोपली होती."

"काय?"

"झोपली होती! ढोलांच्या आवाजातच डोळा लागला होता तिचा. तोंड उघडं, हातात अर्धा गोड पाव. मी तिला उठवणार होते, पण पालखी आली आणि मी माउलीकडे बघत राहिले. पालखी गेली तेव्हा वळून बघते तर ही घोरतेय."

"घोरत होती?"

"अशी! मांजरासारखी."

"आणि अकरा वर्षं तू मला..."

"मग काय सांगणार होते? आईचं शेवटचं वर्ष, मी सगळ्या गावाला सांगितलेलं की तू थांबला नाहीस, आणि आईला उठवलं नाही ते मीच! तू तेव्हाच माझ्यावर ओरडला असतास तर सांगितलं असतं. पण तू कधी बोललास? मुका मेला!"

"मी मुका? आणि तू?"

"मी तुला दर बाजारी विचारत होते, कॉड बरा आहे का म्हणून!"

"मला नाही, निएवेसला विचारत होतीस!"

"आता भांडा तरी नीट," मावशी मागून म्हणाली, "माझं दूध गार झालं तिकडे."

त्यावर आधी दोरो हसला. त्याचं हसू आम्ही फार क्वचित ऐकतो, सुकं खोकल्यासारखं असतं. मग कासिल्दा हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला तिने जो हात वर नेला त्यात अजून अंडं होतं. ते तिच्या गालावरच फुटलं. दोरोने आपल्या झग्याच्या बाहीने तिचा गाल पुसला, आणि अंड्यावर मीठ पडलं. ती त्याला म्हणाली, "आता चुलीवर ठेव मला."

त्या दिवशी कासिल्दाने दोरोला तेरा अंडी दिली आणि कशाला म्हणून पुन्हा विचारलं नाही. रांगेतल्या सगळ्या बायकांना अचानक घाई झाली, आणि पिवळ्या स्वेटरमागच्या त्या पाहुण्याचा नंबर लागेपर्यंत साडेबारा वाजले. त्याने सहा अंडी घेतली आणि विचारलं, "इथे रोज असंच असतं का?" मावशीने सांगितलं, "नाही, फक्त बुधवारी आणि शनिवारी."

खिखोनला जायचा सोमवार कासिल्दाने पुढे ढकलला. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी ओतिलियाने दोन्ही छतं एकत्र शिवली. पट्टे जुळले नाहीत. कमानींकडचं अर्धं सावलीत राहिल्यामुळे अजून गडद हिरवं होतं, मनोऱ्याखालचं उन्हाने विटलेलं. दोरो म्हणाला, "असू दे. यात आता दोन्हीकडचं गिऱ्हाईक येईल."

राहिली गुड फ्रायडेची सकाळ. बाल्कनीचं घर केव्हाच विकलं गेलंय, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. म्हणून कासिल्दा खाली कमानीतल्या तिसऱ्या खांबापाशी घडीची खुर्ची टाकून बसली होती, आणि मी तिच्या बाजूला. आभाळ निळं होतं. ढोल जवळ आले, तशी ती खुर्चीत सरळ झाली. मग तिची मान जराशी पुढे आली. मी तिच्या दंडाला चिमटा काढला.

"काय गं!"

"काही नाही. पालखी आली."

माउली कोपऱ्यावरून वळली. पुढे दोरो, हातात हातोडा, नजर नेहमीसारखी जमिनीवर. तिसऱ्या खांबापाशी त्याने मान वर केली आणि एक ठोका दिला. ऐंशी खांदे एकदम थांबले. ढोल बंद झाले. चौकात इतकी शांतता झाली की मेणबत्त्यांचं मेण टपटपताना ऐकू येत होतं. मागून मंडळाच्या प्रमुखाचा घाबरा आवाज आला, "काय झालं? कशाला थांबलो?"

आम्ही 'नमो मरिया' म्हणायला सुरुवात केली. कासिल्दा ओठ न हलवता माउलीकडे बघत होती. दोरो तिच्याकडे बघत होता. प्रार्थना संपली, तरी तो हलेना. पालखीखालचे लोक घामाघूम झाले होते.

तेव्हा त्या शांततेत, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात कासिल्दा म्हणाली, "जागी आहे रे मी! चल आता!"

दोरोने तीन ठोके दिले, आणि माउली उठली.